नऊ पातेली मसालेभात आणि एक क्रांती

सोळाव्या वर्षी मी ॲरिझोनातल्या एका हायस्कूलवर नऊ पातेली मसालेभात लादला. हेतू क्रांतीचा होता.

२००४ साल. आम्ही चँडलरला राहायचो. बाबा इंजिनिअर, आई तिथल्या मराठी मंडळाच्या भोजन समितीची प्रमुख, आणि मी अन्यायाविरुद्ध. (त्याशिवाय मी फारसं काही करत नव्हते. माझे गणिताचे मार्क याची साक्ष देतील.)

अन्याय आमच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये होता. तिथे डोरिस नावाची बाई पिझ्झा वाढायची. "व्हेज काही आहे का?" विचारलं की ती वरच्या पेपरोनीच्या, म्हणजे मांसाच्या, चकत्यांकडे चिमटा रोखायची आणि अत्यंत शांतपणे म्हणायची, "हनी, तेवढं काढून खा."

काढून खा! चीजवर तेलाचे लालसर गोल डाग तसेच, आणि म्हणे काढून खा! माझी मैत्रीण पूजा शाह तर जैन. तिच्या घरी कांदासुद्धा चालत नाही. ती बिचारी वर्षभर सफरचंद आणि वेफर्सवर अकरावी करत होती.

"मग डबे न्या की दोघी," आई म्हणाली.

"प्रश्न डब्याचा नाही आई, हक्काचा आहे!"

"हक्काचाच डबा देतेय ना मी."

घरातूनच असा विरोध असताना मी पत्रकं काढली. दोनशे! घरच्या प्रिंटरची काळी शाई संपली, म्हणून शेवटची तीस गुलाबी. वर ठळक अक्षरात: '"काढून खा" म्हणणाऱ्यांना जाब विचारा!' खाली डोरिसचं नाव. पूर्ण. शत्रूचं नाव घ्यायला आपण घाबरत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

आमच्या प्रिन्सिपल मिसेस हॉलोवे यांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सोमवारपर्यंत पन्नास पालकांच्या सह्या आण. रोज एक व्हेज पदार्थ मेनूवर आणायचा विचार करते."

पन्नास सह्या! शनिवारी मंडळाचा संक्रांतीचा तिळगुळाचा कार्यक्रम होता, म्हणजे पन्नास पालक एकाच हॉलमध्ये हलव्याचे दागिने बघत बसलेले सापडणार. मी अर्ज टाइप केला: वरती जळजळीत चार परिच्छेद, खाली तीन रकाने. नाव, सही, प्रतिक्रिया. क्लिपबोर्ड पहिल्या रांगेत आईच्या हातात दिला आणि स्वतः स्टेजवर चढून माइक घेतला.

"बंधू आणि भगिनींनो, आपली मुलं उपाशी आहेत!"

"छे गं, आत्ताच तीन-तीन लाडू खाल्लेत," कोणीतरी काकू म्हणाल्या.

पुढच्या नाचाच्या मुली विंगेत रडायला लागल्या तरी मी बारा मिनिटं बोलले. तोवर क्लिपबोर्ड हॉलभर फिरून परत आला होता. त्रेपन्न सह्या! मी त्या तीनदा मोजल्या. तिसऱ्या रकान्याकडे मात्र पाहिलं नाही. चळवळीत लोकांचं म्हणणं ऐकायला वेळ नसतो.

सोमवारी अर्ज दिला. मंगळवारी घरी फोन आला. आईने फोनवरचा खास आवाज लावला. "येस... येस... ऑफ कोर्स... नो प्रॉब्लेम ॲट ऑल!" आणि फोन ठेवून मला म्हणाली, "काय गं, पाडव्याचं जेवण यंदा तुझ्या शाळेत आहे?"

दुसऱ्या दिवशी मिसेस हॉलोवेंनी अर्जाची कॉपी माझ्या हातात ठेवली. त्यांचे डोळे पाणावले होते. "पालक तक्रार करतात, हे मी रोज बघते. पण इथे तर सगळे स्वतः करून आणायला तयार आहेत!"

मी तिसरा रकाना वाचला. पहिलीच सही आईची: 'मसालेभात, चाळीस जणांचा.' मग देशपांडे काकू: 'मसालेभात, पन्नास.' 'कोथिंबीर वडी, ऐंशी नग.' 'मसालेभात (तिखट कमी).' 'मागच्या वेळी श्रीखंड आम्हीच आणलं होतं. - कुलकर्णी.' आणि मधेच बाबांच्या सुबक अक्षरात: 'बर्फ, पेपर प्लेट्स.'

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मला दरवेळी बर्फच असतो," बाबा म्हणाले.

मी देशपांडे काकूंना फोन लावला. "काकू, सही करताना वाचलं नाहीत?"

"अगं रेवा, मंडळात संक्रांतीला पॅड फिरलं की पाडव्याचा पदार्थ लिहायचा. वाचायचं काय त्यात?"

"वर चार परिच्छेद होते!"

"ते नियम गं. भांड्याला नावाची पट्टी लावा, वाढायचा चमचा बरोबर आणा. पाठ आहेत आम्हाला!"

"मी सगळं कॅन्सल करते," मी घरी जाहीर केलं.

"खबरदार!" आई म्हणाली. "शाळेला शब्द दिलाय मी."

शिवाय मिसेस हॉलोवेंनी अट घातली होती. येत्या गुरुवारी सगळ्या शाळेला हेच व्हेज जेवण. मुलांनी ते खाल्लं, तर मेनूवर कायमचा व्हेज पदार्थ. नाही खाल्लं, तर विषय संपला. म्हणजे माझी अख्खी क्रांती आता आईच्या गोडा मसाल्यावर उभी होती.

गुरुवारी पातेली आली. दुसऱ्याने काय लिहिलंय हे कोणीच न वाचल्यामुळे नऊ मसालेभात आले. भाजी कोणाचीच नाही! कुलकर्णी रिकाम्या हाताने आले, आणि अभिमानाने आले. डोरिसने माझ्या हातात केसांची जाळी ठेवली. "हनी, केस आत." दोनशे पत्रकांची लेखिका जाळी लावून भात वाढायला उभी राहिली.

"भात सढळ हाताने वाढ, वडी एकेकच!" आई मागून ओरडत होती. फुटबॉल टीममधला सहा फुटी मुलगा दुसरी वडी मागायला लागला. "रांगेत मागे जा," मी म्हणाले. कोणी मागितलं की 'नाही', कोणी विचारलं की 'नंतर'. अर्ध्या तासात मी असा काही खेकसणारा आवाज कमावला की डोरिस माझ्याकडे आदराने पाहू लागली.

आणि मुलांनी खाल्लं! वड्या तर वीस मिनिटांत संपल्या. मिसेस हॉलोवेंनी तिसऱ्यांदा भात घेतला आणि तोंडात घास असतानाच जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून रोज बीन बरीटो!" म्हणजे पोळीत गुंडाळलेली राजम्याची उसळ. टाळ्या झाल्या. मी पळी उंचावून त्या स्वीकारल्या.

तेवढ्यात पूजा समोर आली. जिच्यासाठी हे सगळं केलं ती पूजा. हातात रिकामी प्लेट.

"यार रेवा, कांदा कशात नाहीये?"

मी पहिलं पातेलं पाहिलं. कांदा. दुसरं पाहिलं. कांदा. नऊच्या नऊ पातेल्यांत कांदा! पूजाच्या मागे चाळीस जण ताटकळत होते. आई ओरडली, "रांग थांबवू नकोस गं!" जाळी माझ्या डोळ्यांवर आली होती, चष्म्यावर वाफ धरली होती.

"अगं पूजा," मी खेकसले, "तेवढा काढून खा ना!"

शेजारी डोरिसने हातातला चमचा अगदी हळू खाली ठेवला.

पूजाने सॅकमधून एक गुलाबी पत्रक काढलं, पेनने डोरिसचं नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं. मग ते सह्यांसाठी फिरायला लागलं. ते अजून माझ्याकडे आहे. माझ्याविरुद्ध पहिली सही आईचीच आहे. पुढे लिहिलंय: 'मसालेभात, चाळीस जणांचा.'