थोरल्या मालकांच्या कपाळावर दोन बोटं

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. कारण असला गाढवपणा नांदेडात आजवर एकाच माणसानं केलाय, तोही लातूरला जाऊन. तो माणूस तुमच्यासमोर बसलाय!

मी चित्रं काढून पोट भरतो. मासिकं, बालगीतांची पुस्तकं, लग्नपत्रिका, जो बोलावील त्याचं काम. पंधरा वर्षं ब्रश आणि रंग. मग सगळे म्हणायला लागले, "आता कोण रंग कालवत बसतं? डिजिटल व्हा!" झालो. टॅब घेतला, त्याचं ते पेन घेतलं. ब्रश बायकोकडे गेले. त्यातल्या चांगल्या चपट्या ब्रशनं ती आजही डोशाच्या तव्याला तेल लावते.

आणि काय सुख हो टॅबचं! बारीक दिसतंय? दोन बोटं फाकवा, चित्र मोठं. रेघ चुकली? दोन बोटांनी काचेवर टक् करा, रेघ गायब! आठ वर्षं मी चुका करत राहिलो आणि टक् करत राहिलो.

मग ती नवी अक्कल आली. मोबाईलला नुसतं सांगायचं आणि चित्र तयार. लोक माझ्याकडे चोरासारखं बघायला लागले. "हे तुम्ही काढलं का मशीननं?" मशीन बोटं चुकवतं म्हणे, म्हणून एका संपादकानं तर माझ्या चित्रातल्या मुलीची बोटं मोजली. पाचच्या पाच भरली, तरी त्यांचं समाधान नाही! कामं आटत चालली.

अशात लातूरहून काशिनाथअप्पांचा फोन आला. आडत बाजारातलं मोठं दुकान, नवं मंगल कार्यालय बांधलेलं.

"सर, हॉलमंदी बारा चित्रं लावायचीत. पयलं आमच्या वडलांचं, थोरल्या मालकांचं. ते जमलं तर बाकीची अकरा बी तुमालाच. पर हातानं पायजे. कंपुटर न्हाई, मोबाईल न्हाई. अन् आमच्या डोळ्यांसमोर काढायचं."

बारा चित्रं! माझं अख्खं वर्ष निघालं असतं. बायको म्हणाली, "आठ वर्षांत ब्रश धरला नाही तुम्ही. आधी घरी एक काढून तर बघा."

"पंधरा वर्षांचा हात आहे," मी म्हटलं. "कुठं जातोय?"

कुठं गेला होता ते लातूरला कळलं.

अप्पांच्या दिवाणखान्यात कॅनव्हास मांडला. समोर खुर्चीत अव्वा, म्हणजे अप्पांच्या आई. भोवती घरची मंडळी आणि बघायला आलेल्या शेजारच्या काकू. वय नव्वदीच्या घरात. थोरल्या मालकांचा फोटो एकच, ओळखपत्राएवढा, तोही पुसट. अव्वा म्हणाल्या, "बाळा, डोळे चांगले काढ. मला त्यांचं तोंडच आठवंना झालंय."

ऐकून मला भरून आलं. घामही फुटला.

दोन दिवस ऑइल पेंटशी झटलो. आणि सांगतो, चेहरा जमला हो! दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा दुकानात सौद्याला गेले, तेव्हा फक्त कपाळ उरलं होतं. तिथं पांढऱ्याचा एक फटकारा नको तिकडं गेला. आणि माझ्या हातानं, मला न विचारता, दोन बोटं उचलली आणि मालकांच्या कपाळावर टक् केलं.

रेघ जाईना. पुन्हा टक्. तरी जाईना. टॅब अडकला की मी करतो तशी बोटं आडवी घासली. गार, चिकट काहीतरी लागलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, अरे, ही काच नाही!

कपाळावर दोन जाड पांढरे पट्टे. मी डोळेच मिटून घेतले.

"शिवा शिवा!" अव्वा खुर्चीतून उठल्या. "इबूत लावली रे ह्यानं! फोटूत नव्हती. कुणी सांगितलं बी न्हाई. ह्याला कसं कळलं?"

थोरल्या सुनेनं पदर डोळ्याला लावला. शेजारच्या काकूंनी हात जोडले. मीही गंभीर चेहरा केला. दुसरं काय करणार?

इथं खरं बोललो असतो, तर गोष्ट इथंच मिटली असती. पण अप्पांचा धाकटा भाऊ बसवराज पुढं आला. "सर, इबुतीचे पट्टे तीन असतात. हे दोनच कसे?"

"तिसरा घरच्यांनी लावायचा असतो," मी म्हणालो. "हातानं काढलेल्या चित्रात तशी पद्धत आहे."

कुठली पद्धत? कुणाची पद्धत? देव जाणे!

अव्वांनी देवघरातून विभूती मागवली. खरी विभूती, ओल्या ऑइल पेंटवर! बोटानं त्यांनी तिसरा पट्टा ओढला आणि म्हणाल्या, "आता झाले माझे मालक." त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका.

तेवढ्यावर थांबावं की नाही? पण थोरली सून म्हणाली, "आमी बी घरचेच की!"

झालं. रांग लागली. सुना, लेकी, जावई, भाचे. दुकानातून डबा न्यायला आलेला म्हातारा हमालसुद्धा. "तीस वर्सं मालकांचं मीठ खाल्लंय. मी न्हाई का घरचा?" त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? "बास आता," मी एकदा म्हणून पाहिलं. बसवराजनं मलाच गप्प केलं. "सर, पद्धत म्हंजे पद्धत."

कपाळ संपलं तशी मंडळी गालावर आली. चित्र छातीपर्यंतच, त्यामुळं पाया पडणाऱ्यांनी कोटाच्या बटणांना हात लावले. शेजारच्या काकू "लई जिवंत काढलंय" म्हणाल्या आणि जाताना मालकांचं अर्धं नाक बोटावर घेऊन गेल्या. अव्वा मात्र शेवटपर्यंत चित्राशेजारी उभ्या. "डोळ्यांना हात लावायचा न्हाई कुणी!" तेवढे डोळे वाचले.

अप्पा दुकानातून आले आणि दारातच थबकले. समोर राखेतून दोन डोळे बघत होते.

"सर, हे काय?"

मी सगळं ओकलो. टॅब, टक्, पट्टे, पद्धत, सगळं. "अप्पा, दुसरं काढून देतो. पैसा नको."

"ह्याला हात लावायचा न्हाई," अव्वा म्हणाल्या. "डोळे त्यांचेच हायत. मला ओळख पटली."

अप्पांनी जवळ जाऊन चित्र पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, आजकाल लोक फसवतात. मला बी तुमची शंका होती. आता खात्री पटली. हे मशीनचं काम न्हाई. एवढं बिघडवणं मशीनला जमत न्हाई."

माझ्या जिवात जीव आला. भीत भीत विचारलं, "मग अप्पा... बाकीची अकरा?"

"ती तुमीच करा, शबुद दिलाय." अप्पा जवळ आले, आवाज खाली केला. "फक्त कंपुटरला सांगून करा. तुमचा हात लावू नका."