सहा नंबरच्या खाटेची शिशी

सोमाजीचा सदरा घामानं चिंब झाला होता आणि तो माझ्याकडे बघून "माय, बैल सोड" म्हणत होता. सकाळचे दहा वाजले होते. तासाभरापूर्वी हाच माणूस माझ्याशी धानाच्या गोष्टी करत होता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तालुक्याच्या दवाखान्यात स्टाफ नर्स होते. सहा नंबरच्या खाटेवरचा सोमाजी आसगावचा म्हातारा शेतकरी. डायबिटीस, त्यात पायाला जखम. बोटातून रक्त काढून साखर सांगणारं मशीन तेव्हा आमच्याकडे कुठलं? रोज सकाळी पेशंटनं शिशीत दिलेल्या लघवीचे आठ थेंब निळ्या औषधात टाकायचे आणि टेस्ट ट्यूब स्पिरिटच्या दिव्यावर गरम करायची. निळंच राहिलं तर साखर नाही. विटकरी झालं तर भरपूर. रंगाप्रमाणे इन्सुलिनचा डोस. त्या दिवशी सोमाजीची टेस्ट पक्की विटकरी आली. वीस युनिट मीच टोचले.

डॉक्टर धावत आले. "साखर चढली. नाहीतर पॅरालिसिस. जीप काढा, नागपूरला पाठवू."

"सर, साखर चढलेला माणूस कोरडा पडतो, धापा टाकतो. हा तर भिजलाय. साखर उतरलीय. ग्लुकोज देऊ."

"विटकरी टेस्टवर ग्लुकोज? माणूस मारायचाय का सिस्टर?"

मीही चिडले. "नागपूरपर्यंत हा टिकायचा नाही. नळी घालून ताजी लघवी तपासते, मग बोला."

ट्यूब दिव्यावर धरली. निळी. उकळली तरी निळीच. डॉक्टरांनी स्वतःच शिरेतून ग्लुकोज द्यायला घेतलं. सुई निघायच्या आत सोमाजीनं डोळे उघडले.

"काहून टोचून राहिले बापा मले?"

जीवात जीव आला. पण मग सकाळचा विटकरी रंग आला कुठून?

बाजूच्या खाटेवर आंधळगावचा दुकानदार मारोती होता, जुना डायबिटीसवाला. तो रडकुंडीला आला. "बाई, बुढ्याले लघवीच लागत नव्हती. तुम्ही तर शिशीसाठी ओरडून राहिल्या होत्या. मंग मीच देल्ली थोडीशी, माह्यातली."

अरे देवा! मारोतीची साखर तपासून मी सोमाजीला इन्सुलिन दिलं होतं! आणि ओरडले होते, तेही खरंच. "सात वाजले, अजून शिशी नाही? मी काय दिवसभर तुमच्यापाशीच बसू?" असं, सगळ्या वॉर्डासमोर.

"त्याले रागावू नका जी," सोमाजी म्हणाला. "मीच मांगतली. तुमचा लय धाक वाटते."

केसपेपरवर मी झालं ते सगळं लिहिलं, माझ्या ओरडण्यासकट. शिशीवर नाव चिकटवायला मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आत कोणाची आहे ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजीच्या खाटेला पडदा लावला, बाहेर स्टूल टाकून बसले आणि म्हटलं, "सावकाश होऊ द्या, बाबाजी." पाऊण तास लागला. टेस्ट निळी आली. इन्सुलिनची सुई मी ट्रेमध्ये परत ठेवली.