कार्पाचिओची बशी

नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आल्यावर बायकोला कार्पाचिओची चटक लागली. कच्च्या बीफचे कागदासारखे पातळ काप, वर चीज आणि ऑलिव्ह तेल. "लोह असतं यात," असं ती मला ऐकवी. फोनवर माझ्या आईला मात्र पालक खाते म्हणून सांगे. दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी कच्चं मांस बंद केलं. चौथ्या महिन्यात गर्भ गेला.

पुढे ऑफिसच्या जेवणात वेटरने कार्पाचिओचं वर्णन मंगलाष्टकांच्या थाटात केलं. तिने तेच मागवलं.

माझी डच सहकारी दचकली. "तुला हे चालत नाही ना?"

"आता चालतं," बायको म्हणाली.

तिने सगळे काप सावकाश संपवले. घरी येताना म्हणाली, "चव अगदी तीच आहे रे. मला वाटलं होतं, बदलली असेल."