पाचवी मूठ

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला आमच्या घरी रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू मापानं नव्हे, मुठीनं घेत. घरात जितके पुरुष, तितक्या मुठी. बायकांची, मुलींची मूठ नसे. का नसे, हे मी दरवर्षी विचारी आणि दरवर्षी बोलणी खाई.

त्या साली प्रश्न होता धाकट्या काकांच्या मुठीचा. खांडबाऱ्याहून ते सुरतेच्या गाडीत बसले त्याला चार वर्षं झाली होती. ना चिठ्ठी, ना निरोप. सकाळीच थोरले काका ओट्यावरून घरात ऐकू जाईल असं म्हणाले, "औंदा चारच मुठी ल्या. गया तो गया." मूठ गेली की धाकट्या काकूच्या हातातल्या बांगड्याही जाणार, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं.

आई सोवळ्यानं सुपात मुठी टाकू लागली. काकू चाळणी धरून दारात उभी. चौथी मूठ पडली आणि आई थांबली. मला म्हणाली, "किती व्हयन्यात वं?"

आईला मोजता येत नव्हतं थोडंच! आजवर तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मी काकूच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीन."

देवीच्या गव्हावर धडधडीत खोटं बोलले. आईनं शांतपणे आणखी एक मूठ टाकली. ओट्यावरून साधा खोकलाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना काकू अशी नाचली की तिचा पदर सावरायला दोघी लागल्या. नारळाची कानबाई पाण्यात बुडवली तेव्हा मात्र ती हमसून रडली. मला काही उलगडेना.

"आत्तेच नाचनी नं तू, मंग रडी कसाले ऱ्हायनी?"

"तो शे म्हनीसन नाचनू," ती नाक पुसत म्हणाली. "पन आठे नही ना, पोरी."

काका आहेत, पण इथं नाहीत, हे ऐकून मला बरंही वाटलं आणि माझ्या खोट्याची भीतीही.

घरी आल्यावर थोरले काका रोट वाटायला बसले. रोट घरातच संपवायचा, उरू द्यायचा नाही. धाकट्या भावजयीशी ते थेट बोलत नसत. शेवटचा वाटा त्यांनी माझ्या हातात ठेवला. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तुन्ही काकूले दे," ते म्हणाले. "पाचवा शे."

म्हणजे काल ओट्यावर बसून तेही मोजत होते.