टाकीतलं पाणी

बंद पडलेली गाडी समोर आली तरी आप्पा मिस्त्री लगेच बॉनेट उघडत नसत. मडगार्डवर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं, मार सेल्फ." सेल्फ घुर्र घुर्र फिरायचा, पण इंजिन चालू होऊन गाडी काही लागायची नाही. "बास." मग बराच वेळ गप्प. जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारायचं, "आप्पा, झोप लागली का?" आप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "तू गप बसला तर लागंल."

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. भावाभावांच्या वाटणीत पोचे पडलेली भांडी धाकट्याच्या वाट्याला यावीत, तशी एक जुनी ॲम्बॅसिडर आमच्या पाणीटंचाईच्या साहेबांना मिळाली होती. मी तिचा ड्रायव्हर, रोजंदारीवरचा. सातवीनंतर शाळा सुटलेली, गाव देवणीकडं, लातुरात एका खोलीत बायको आणि चार महिन्यांची लेक. साहेबांनी जरा मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, संपलं, उद्यापासून येऊ नको म्हणणार. ही भीती इतक्या वर्षांनी, इथं बडोद्यात, शाळेच्या बसगाड्या सांभाळतानाही पुरती गेलेली नाही.

आप्पा उदगीरचे. घरचं किराणा दुकान होतं, गादीवर भाऊ बसले आणि हे इंजिनाच्या नादानं बाहेर पडले. सकाळी कपाळावर भस्माचे पांढरे पट्टे असायचे, दुपारपर्यंत घाम पुसून पुसून ते काळे व्हायचे. कार्यालयाच्या फाटकासमोर त्यांचं पत्र्याचं शेड. नव्या जिल्ह्याबरोबर कार्यालयं आली, कार्यालयांबरोबर खटारे आले, आणि आप्पांना जरा बरे दिवस दिसले.

फिरते पण लागत नाही, अशा गाडीचं त्यांना विशेष प्रेम होतं. "फिरती हाय म्हंजे बॅटरी हाय, सेल्फ हाय. मेली न्हाई, रुसलीया. कशासाठी रुसली ते इचारायचं." विचारायचा क्रम ठरलेला. आधी करंट, मग पेट्रोल, मग हवा, आणि शेवटी टायमिंग. क्रम मोडलेला चालत नसे. एकदा मी शहाणपणा करून म्हणालो, "आप्पा, कार्बोरेटरच असणार, खोलू का?" तर पाना माझ्या हातातून काढून घेतला. "तुझं पोट दुखाया लागलं आन् डॉक्टरनं आधी डोस्कं फोडून बघितलं तर चालंल का रं डायवर?" त्या दिवशी बिघाड निघाला डेलकोच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीच्या, टोपणात. केसाएवढी चीर, त्यातून करंट भलतीकडं पळत होता. तेव्हापासून मीही आधी करंटच बघतो.

साहेब आठ दिवस रजेवर गेले तेव्हा आप्पांनी आमच्या गाडीची टाकी उतरवून आतला गंज धुतला. मग दोन दिवस ती उन्हात उलटी सुलटी करत वाळवली. मी म्हणालो, "असल्या उन्हात तासाभरात वाळंल की." ते म्हणाले, "वरून वाळती रं. कोपऱ्यात थेंब ऱ्हातो." तिसऱ्या दिवशी टाकीत हात घालून कोपरा न् कोपरा फडक्यानं चाचपला, मगच टाकी बसवली.

त्या वर्षी लातुरात नळ आठ-आठ दिवस येत नव्हता. आमचा दौरा मात्र रोज खेड्यांतून, टँकर कुठं पोचला आणि कुठं नाही ते बघायला. गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेला, म्हणून डिकीत पेट्रोलचा एक डबा कायम असायचा. परतताना एखाद्या शेतात बोअर चालू दिसला की मी रिकामा डबा पाण्यानं भरून घ्यायचो. पेट्रोलचा वास मारणारं पाणी प्यायला नाही, पण लेकीची दुपटी धुवायला चालायचं. माझ्यासारखे आणखीही ड्रायव्हर हेच करायचे. पुन्हा पेट्रोल भरताना मी डबा उपडा करून दोनदा झटकायचो. एका सकाळी पंपावर गर्दी होती, साहेबांची वेळ झाली होती, आणि झटकायचं राहिलं. डब्यात तळाशी किती पाणी होतं कोण जाणे. संध्याकाळी तो डबा मी टाकीत ओतला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून मोठे अधिकारी बैठकीला आलेले. साहेब फायली घेऊन मागं बसले. मी सेल्फ मारला. फिरला, लागली नाही. पुन्हा मारला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी पळत जाऊन आप्पांना घेऊन आलो.

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, निळी ठिणगी चटकन उडाली. पेट्रोलची नळी सोडली, धारही आली. बघणारे म्हणाले, पेट्रोल तर येतंय. आप्पांनी चहाचा ग्लास मागवला, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल त्यात उतरवलं आणि ग्लास उजेडाकडं धरला. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्याचा स्वच्छ थर. त्यांनी ग्लासाकडं बघितलं, मग उघड्या डिकीतल्या डब्याकडं, मग माझ्याकडं.

"काय झालंय?" साहेब ओरडले.

"टाकीत पाणी हाय, साहेब."

"पाणी? आलं कुठून?"

आप्पांनी ग्लास मातीत ओतला. "मागल्या हप्त्यात म्या टाकी धुतली होती. वाळायच्या आत बसवली. चूक माझी हाय."

साहेब खाली उतरले. सगळं आवार ऐकत होतं. "अख्खा जिल्हा माझ्याकडं पाण्याचे टँकर मागतोय, आणि तू माझ्या गाडीत पाणी भरतोस? उद्यापासून इथली एक गाडी तुझ्या शेडात जाणार नाही." आप्पा खाली मान घालून हात पुसत राहिले. साहेब दुसऱ्या गाडीनं गेले. मी एक शब्द बोललो नाही.

दुपारी शेडात गेलो आणि रडू लागलो. "मी सांगतो साहेबांना," म्हणालो.

"आन् मग? सातवी पासला कोण घेतंय रं ठेवून? मला बाहेरच्या गाड्या येतेत." मग हळूच विचारलं, "पाणी कशाला नेत होतास?"

"लेकीची दुपटी धुवायला."

कोपऱ्यातला एक कोरा डबा उचलून त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

बाहेरच्या गाड्या आल्या नाहीत. कार्यालयानं टाकलेल्या मिस्त्रीकडं गाव तरी कशाला जाईल? पोरंसोरं त्यांना पाणीवाले आप्पा म्हणून चिडवू लागली. रोज सकाळी मी ठरवायचो, आज साहेबांना सांगायचं. रोज साहेबांचा चेहरा बघून उद्यावर ढकलायचो. वर्षाच्या आत साहेबांची बदली झाली आणि आप्पांनी शेड मोडलं. पाऊस बरा झाला तशी टंचाईची कामं बंद पडली, आणि ज्या नोकरीसाठी त्यांनी एवढं अंगावर घेतलं ती नोकरीही गेली.

बडोद्यात माझा जम बसला तो आप्पांच्या त्या क्रमावर. चार वर्षांनी गावी आलो तेव्हा कळलं, ते अर्धापूरला केळीचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात हाताखाली काम करतात. माफी मागायची म्हणून मुद्दाम गेलो. ती आमची शेवटची भेट.

आप्पा वाळले होते. मला बघून इतके हरखले की तेलकट हातांनीच माझे खांदे धरले. गॅरेजचा मालक त्यांच्या पोराच्या वयाचा. त्याला ते कौतुकानं सांगू लागले, "ह्यो माझा लातूरचा डायवर. लई सरळ माणूस. ह्याची गाडी म्या एकदा बुडवली होती, टाकी वाळवलीच न्हाई. म्हून म्हंतो तुला, टाकी धुतली की दोन दिस उन्हात ठेव."

ते मला सांभाळून घेत होते, की सांगून सांगून त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत शोधूनही कळलं नाही. मालक हसून माझ्याकडं वळला. "खरं का हो? आप्पांकडून अशी चूक?"

त्या दिवशी माझ्याकडं गमावण्यासारखं काहीच नव्हतं. नोकरी दूर बडोद्यात होती, साहेब कुठल्या कुठं गेले होते.

"व्हय," मी म्हणालो.