मामाचा उजवा अंगठा

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात माझ्या मामाइतका धीट माणूस नाही, आणि त्याच्याइतका भित्राही नाही. धीट मामा सगळीकडे असतो, भित्रा फक्त उजव्या पायाच्या अंगठ्यात. शेलूबाजारहून जीप चालवणारा हा माणूस हटकणाऱ्या कुणाशीही भांडेल. पण अंगठ्याचं नख मांसात रुतल्यापासून डॉक्टरचं नाव काढलं की त्याला तातडीची सवारी आठवायची. ब्रेक दाबला की कळ मस्तकात जाई, म्हणून त्याने ब्रेक दाबणंच सोडलं. गाव दिसलं की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि देवावर भरवसा. उतारू दोन शेतं पुढे उतरत आणि मागे चालत येत. कुणी ओरडलं तर म्हणे, "फुकट पुढं नेलं, तरी बोंबलून राह्यले!"

उपाय म्हणून अंगठ्याला लिंबू खोचलेलं. बुटाला भोक पाडून ते बाहेर काढलेलं. 'दुखणं लपवू नका, दवाखान्यात चला!' हे मी लोकजागृतीसाठी छापलेलं पत्रक त्यानेच जीपभर वाटलं आणि उरलेल्यांची घडी करून बुटात अंगठ्याखाली घातली. अशा माणसाला काय म्हणावं?

मग पू झाला. त्यात शुगर. मी दवाखान्यात विचारून आले: रुतलेली कड काढायची, पाव तासाचं काम, दुर्लक्ष केलं तर अंगठा जाऊ शकतो. अंगठा गेला की जीप गेली. बाजारात त्याला गाठून मी पाय बघायला वाकले, तर हा किंचाळला, "भाचीनं मामाच्या पायाले हात लावू नये! पाप मले लागते." आमच्याकडे मामाच भाचीच्या पाया पडतो. असल्या रूढींविरुद्ध मी चार पत्रकं काढली आहेत. तरी बेशरमपणे म्हणाले, "दवाखान्यात चलतो, का पडू पाया सगळ्यायसमोर?"

मामा दवाखान्याकडे निघालेल्या दुसऱ्याच्या जीपमध्ये जाऊन बसला.

सुईला मात्र अख्खा दवाखाना गोळा होईल असा ओरडला. मग अंगठा बधिर झाला. छताकडे बघत त्याने डॉक्टरांना दरडावलं, "सुरू कवा करता?" तेव्हा पट्टी बांधून झाली होती.

पुढे रोजचं ड्रेसिंग. मामीला रक्त बघवत नाही, म्हणून ते माझ्याकडे. पट्टी झाली की मामा वाकून माझ्या पाया पडायचा. "पाप उतरलं, माय." मी पाय आखडून भाषण ठोकायची.

आता जीप बरोबर फाट्यावर थांबते. शेवटच्या दिवशी पट्टी उघडली तर जखम कोरडी, काही करायलाच नको. मी बादलीत हात धुतले. मामा तरी वाकला.

"आता कायले? उद्यापासून मी हात बी नाही लावणार."

"म्हणूनच तं," मामा म्हणाला.

मी पाय मागे घेतले नाहीत.