कुंकवाखालचं नाव

आज सकाळी शेजाऱ्यांनी दारात नव्या स्कूटरची पूजा केली. ओल्या कुंकवाचा आणि नारळाच्या पाण्याचा वास खिडकीतून आत आला आणि दुसऱ्या कुणाच्या कादंबरीची प्रुफं माझ्या हातात तशीच राहिली.

मी अनुवाद केलेलं पहिलं पुस्तक घरी आलं, तेव्हा हाच वास होता. हुपरीत पैंजणं घडवून बोटं काळवंडलेल्या माझ्या सासूबाई कुंकू कालवून घेऊन आल्या. पुस्तक मागंपुढं फिरवत म्हणाल्या, "तुजं नाव कुठं हाय गं?"

"आत हाय, आत्या. बारीक अक्षरात."

मी पान उघडून बोट ठेवलं.

"मग पूजा हितंच करायची की!" म्हणत त्यांनी माझ्या नावावरच कुंकू टेकवलं. "आता फुडलं पुस्तक तुजं सोताचं लिव."

"व्हय," म्हणाले मी. तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं!

पुढं काही वर्षांनी आत्या वारल्या. लोकांच्या कादंबऱ्या मराठीत आणता आणता, सुधारता सुधारता माझी लिहायची राहिली, ती राहिलीच. आता होणारही नाही.

मघाशी ते पुस्तक काढलं. कुंकू पार विटलंय, पण त्याचा डाग बारीक अक्षरांत असा मुरलाय, की त्याखालचं नाव मलासुद्धा वाचता आलं नाही.